हॅगडेलच्या चढणीला माणसं हवीत

सभा चालू असताना ट्रेव्हर ओल्डरॉइड चहा करायला आतल्या खोलीत गेला, आणि कपांचा ट्रे घेऊन बाहेर आला तेव्हा तो हॅगडेल मोटर क्लबचा मुख्य मार्शल झालेला होता. सूचना मांडून झाली होती, अनुमोदन मिळालं होतं, टाळ्यासुद्धा वाजून विरल्या होत्या. यॉर्कशरच्या त्या भागात पदं अशीच भरली जातात. जो खोलीत नसतो तो सर्वांत लायक ठरतो, कारण त्याच्या लायकीबद्दल त्याच्या तोंडावर बोलायची वेळ येत नाही.

"तू नाही म्हणायचंस," त्याची बायको पॉलीन रात्री जेवताना म्हणाली.

"मी खोलीत नव्हतो."

"आता आहेस. फोन कर आणि सांग."

"आता बरं दिसणार नाही," ट्रेव्हर म्हणाला. बरं दिसणार नाही या एका कारणाखाली ट्रेव्हरने पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली होती, तिथे हे तर नुसतं एक पद होतं.

क्लबचं वर्षाचं कार्य एकच. जूनच्या तिसऱ्या रविवारी टेकडीवरची चढणीची शर्यत. एका वेळी एक गाडी खालून सुटते, अकरा वळणं घेत वर पोचते आणि घड्याळ थांबतं. गाड्या चालवणारे सगळे हौशी: एक दंतवैद्य, एक पशुवैद्य, दोन बेकरीवाले, आणि गुरांच्या खाद्याचे व्यापारी व क्लबचे अध्यक्ष रॉय क्रॅबट्री. वळणावर नारिंगी डगला घालून उभा राहतो तो मार्शल. हातात लाल झेंडा, पायाशी आग विझवायचं नळकांडं, शेजारी झाडू. गाडी घसरली की ढकलायची, तेल सांडलं की झाडायचं, आणि उरलेला वेळ पावसात उभं राहायचं. या सगळ्याच्या बदल्यात साडेदहा वाजता बेकन घातलेला एक पाव आणि कपभर चहा. तोही पहिल्या वळणापर्यंतच गरम राहतो.

शर्यतींना परवाने देणाऱ्या लंडनच्या कार्यालयाचा नियम स्पष्ट होता. दर वळणाला दोन मार्शल, म्हणजे बावीस. बावीस नाहीत तर परवाना नाही, परवाना नाही तर शर्यत नाही. ट्रेव्हरच्या हाती जी यादी आली तिच्यात सतरा नावं होती. सरासरी वय एकाहत्तर. तिघांची हृदयं बॅटरीवर चालत होती, पण ती नियमित चालत होती, हे ट्रेव्हरला यादीतल्या इतरांबद्दल खात्रीने म्हणता येत नव्हतं.

पहिला सल्ला कुंपणावरून आला. शेजारच्या मिसेस थ्रेलफॉल यांनी ही शर्यत कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती, आणि गेली एकोणीस वर्षं त्या आवाजाबद्दल त्या न चुकता तक्रार अर्ज देत होत्या. त्यामुळे या विषयातला त्यांचा अभ्यास क्लबातल्या कोणाहीपेक्षा जास्त होता.

"आजकाल लोकांना काम नको असतं, मिस्टर ओल्डरॉइड. अनुभव हवा असतो."

"आमच्याकडे फक्त कामच आहे हो."

"मग त्यालाच अनुभव म्हणा. माझी भाची शनिवारी शेतावर जाऊन शेण उचलते, आणि वर तिथे जायला मिळावं म्हणून आधी नाव नोंदवते."

ट्रेव्हरने हे मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी तो सुपरमार्केटच्या दारात टेबल टाकून उभा राहिला. लोकांचं लक्ष वेधावं म्हणून त्याने मार्शलचा नारिंगी डगला चढवला होता. लक्ष वेधलं गेलं. पहिल्या तासात चौदा जणांनी आपली रिकामी ट्रॉली त्याच्या हातात दिली. नाही कसं म्हणायचं म्हणून त्याने त्या नीट रांगेत लावल्या. मग एक बाई आल्या, त्यांचा कचऱ्याचा तपकिरी डबा सहा आठवडे उचललेला नव्हता. "तुम्ही लोक नुसते उभे असता," त्या म्हणाल्या. आपण पालिकेचे नाही हे ट्रेव्हरने सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, की मागच्या माणसानेही हेच सांगितलं होतं. शेवटी ट्रेव्हरने त्यांचा पत्ता लिहून घेतला. दुपारपर्यंत त्याच्याकडे कचऱ्याच्या तीन तक्रारी आणि शून्य मार्शल जमले. दोन वाजता दुकानाचा व्यवस्थापक बाहेर आला, रांगेत लावलेल्या ट्रॉल्यांकडे कौतुकाने बघत राहिला आणि त्याने ट्रेव्हरला शनिवार-रविवारची नोकरी देऊ केली. एके काळी अठ्ठावीस कारकून हाताखाली असलेल्या माणसाला हे लागायला हवं होतं. लागलंही. पण निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत आपलं काम कोणी एवढं निरखून पाहिलं नव्हतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. हे मात्र तो पॉलीनला बोलला नाही.

"तू मागतोयस आणि देत काहीच नाहीस," अध्यक्ष क्रॅबट्री म्हणाले. "गूज कॉर्नर दे त्यांना. उत्तम दृश्य, उत्तम वळण, सगळ्या गाड्या तिथेच नाचतात. पोस्टर लाव."

पोस्टर लागलं. 'तिकीट काढूनही मिळणार नाही इतक्या जवळून शर्यत पाहा. गूज कॉर्नरवर उभे राहा.' आठवड्यात नऊ जणांनी नावं दिली. सतरा आणि नऊ सव्वीस. ट्रेव्हरने बेरीज तीनदा केली आणि तिन्ही वेळा सव्वीसच आले.

आता यात अडचण एकच होती. गूज कॉर्नर रिकामं नव्हतं. तिथे विल्फ सग्डन होता.

विल्फ बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, वय शहात्तर, आणि चौतीस वर्षं त्याच वळणावर. कुठल्याही कागदावर ते वळण त्याच्या नावे नव्हतं, पण चर्चमधली बाकंही कोणाच्या नावे नसतात, आणि तरी दुसऱ्याच्या बाकावर बसायचं धाडस हॅगडेलमध्ये कोणी केलेलं नाही. शर्यतीच्या दिवशी पहाटे सहाला तो एकटा येऊन वळण झाडायचा. त्याने स्वतः केलेली एक लाकडी पेटी तिथे असायची: दोन झाडू, तेलावर टाकायची पूड, किटली, आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा. कोणी वळणावरून घसरून गवताच्या गासड्यांत घुसला की विल्फ सावकाश चालत जायचा, खिडकीतून आत बघायचा आणि विचारायचा, "आहेस ना?" मग एक गोळी द्यायचा. एवढंच. पशुवैद्य दर वर्षी तिथेच का घसरतो याबद्दल क्लबात शंका घेतली जायची.

ट्रेव्हरलासुद्धा विल्फनेच आणलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ट्रेव्हर त्या वाटेने कुत्र्याला फिरवत होता. विल्फने त्याच्या हातात झेंडा दिला. "जरा हे धर. मी आलोच." विल्फ परत आला तो संध्याकाळी साडेपाचला. पुढच्या वर्षी त्याच रविवारी ट्रेव्हर कुत्र्याशिवाय गेला. सतरांपैकी अकरा जण विल्फने असेच गोळा केले होते. पण या पद्धतीला काही नाव नव्हतं, म्हणून ती क्लबच्या वार्षिक अहवालात कधी आली नाही, आणि अहवालात नाही ती गोष्ट पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दिसत नाही.

नेमकी याच सुमारास लंडनहून नवी परीक्षा आली. संगणकावर वीस प्रश्न. वळणावर उभं राहायचं तर पास व्हायला हवं, नापास झालेल्यांना वाहनतळावर काम करता येईल. विल्फकडे संगणक नव्हता, म्हणून तो ट्रेव्हरच्या घरी येऊन, बूट दारात काढून, परीक्षेला बसला. आग दिसताच प्रथम काय कराल? विल्फने 'विझवीन' यावर बोट ठेवलं. बरोबर उत्तर होतं 'नियंत्रण कक्षाला कळवीन.' विल्फने आजवर तीन गाड्यांच्या आगी विझवल्या होत्या. त्यातल्या एकीत दंतवैद्य होता. असल्या प्रश्नांत तो एका गुणाने नापास झाला.

खरं म्हणजे परीक्षा लगेच पुन्हा देता येत होती. कितीही वेळा. ट्रेव्हरला ते माहीत होतं. शेजारी बसून "विल्फ, आधी कळव आणि मग विझव" एवढं सांगितलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. पण पोस्टर लागलेलं होतं आणि बेरीज सव्वीस आलेली होती. ट्रेव्हर एवढंच म्हणाला, "बघतो काय करता येतं ते." आणि त्याने काही बघितलं नाही.

मेच्या अखेरीस तो विल्फच्या भाजीच्या वाफ्यावर गेला. विल्फ कांद्यांतलं तण काढत होता. दोघं पंधरा मिनिटं गोगलगायींवर बोलले.

"तर ते गूज कॉर्नरचं," ट्रेव्हर म्हणाला. "नवी माणसं येताहेत. आणि ती परीक्षा मध्येच आली."

"हं."

"वाहनतळावरही अनुभवी माणूस लागतोच."

"लागतो तर."

"म्हणजे तुला चालेल?"

विल्फने एक तण उपटलं, माती झटकली. "माझं काय. चालेल की."

ट्रेव्हरच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. विल्फला चालेल, विल्फ स्वतःच म्हणाला. निघताना विल्फने नेहमीप्रमाणे रुबार्बचे, गोडात शिजवायचे ते आंबट लाल देठ कापून, कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले. घरी पॉलीनने कागद उलगडला.

"दोनच?"

"असतील दोन."

"अठ्ठावीस वर्षं तो सुतळीने बांधलेली बारा देठांची जुडी देतोय. जुडीपेक्षा कमी कधी दिलं नाही त्याने. काय बोललास तू त्याला?"

"तो चालेल म्हणाला."

"दोन देठांत काय करू मी?" पॉलीन म्हणाली. "आणि तू काय करणार आहेस?"

रुबार्बला यंदा कीड असेल, असं ट्रेव्हरने ठरवून टाकलं.

शर्यतीच्या रविवारी पाऊस होता. नवांपैकी सात आले. माणसं चांगली होती, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी आपापले डबे आणले होते, कारण चौघं बेकन खात नव्हती. गूज कॉर्नरला योगाचे वर्ग घेणारी फीबी आणि तिचा मित्र टोबी उभे राहिले. फीबीने पावसाबद्दल एक अक्षर तक्रार केली नाही. उलट तिने टोपी काढून तो चेहऱ्यावर घेतला. हॅगडेलमधल्या कोणीही पाऊस असा स्वतःहून अंगावर घेतलेला नव्हता, त्यामुळे शेजारच्या वळणावरचे म्हातारे थोडे अस्वस्थ झाले.

अकराला दहा कमी असताना खुद्द अध्यक्ष क्रॅबट्री आपल्या छोट्या हिरव्या गाडीतून वर आले, गूज कॉर्नरला घसरले आणि गासड्यांत शिरले. गाडीखालून तेल वाहायला लागलं. फीबीने झेंडा दाखवला, टोबीने नियमाप्रमाणे नियंत्रण कक्षाला कळवलं. परीक्षेत दोघांना वीसपैकी वीस होते. मग टोबी फोन घेऊन खिडकीपाशी गेला आणि अत्यंत आपुलकीने म्हणाला, "सर, आत्ता या क्षणी तुम्हाला आतून काय वाटतंय?"

क्रॅबट्रींना आतून काय वाटतंय हे त्यांच्या पत्नीनेही कधी विचारलं नव्हतं. ते स्टिअरिंग धरून गोळीची वाट बघत बसून राहिले.

तेल झाडायला झाडू नव्हता, पूड नव्हती. ते सगळं विल्फच्या पेटीत, आणि पेटी विल्फच्या गाडीत, आणि विल्फ तीनशे पावलांवर वाहनतळावर. तिथे त्याने दीडशे गाड्या चिखलात अशा ओळीने लावल्या होत्या की एकही रुतली नव्हती.

"विल्फला बोलाव," क्रॅबट्री टोबीच्या वायरलेसवर म्हणाले.

ट्रेव्हरच्या हातात वायरलेस होता. बटण दाबायचं आणि सहा शब्द बोलायचे. पण मग विल्फ सावकाश चालत येणार, झाडणार, एक शब्द बोलणार नाही, आणि ते न बोललेलं आपल्याला सगळ्यांसमोर ऐकावं लागणार. "त्याला तिथून हलवता येणार नाही," ट्रेव्हर म्हणाला. "वाहनतळ अडेल." वाहनतळाला वायरलेस विल्फनेच लावून घेतला होता, तेव्हा त्याने हे ऐकलंच असणार. पण बोलावल्याशिवाय जायची हॅगडेलमध्ये रीत नाही. बोलावणाऱ्याने बोलावलं नाही आणि येणारा आला नाही. त्या तीनशे पावलांत शर्यत पावणेदोन तास अडकून पडली. शेवटी पशुवैद्याच्या गाडीतला घोड्यांखाली अंथरायचा भुसा आणून टाकला. तोवर सातांपैकी पाच अनुभव घेऊन घरी गेले होते.

एवढ्यावर थांबला असता तरी ट्रेव्हर वाचला असता. पण बक्षीस समारंभात, मनाला लागलेली टोचणी जावी म्हणून, त्याने एक खास बक्षीस घोषित केलं. 'उत्कृष्ट वाहनतळ व्यवस्था.' एक चहाचा मग. विल्फ पुढे आला, त्याने मग घेतला, "आभारी आहे" म्हणाला, आणि टाळ्या वाजत असतानाच मग खिडकीत ठेवून निघून गेला. तो मग अजून तिथेच आहे.

जुलैत पहिली चिठ्ठी आली. विल्फची. पाठ धरल्यामुळे यापुढे जमणार नाही, क्लबला शुभेच्छा. मग दुसरी, तिसरी. त्या उन्हाळ्यात हॅगडेलमध्ये सात आठवड्यांत नऊ पाठी गेल्या. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं, कारण त्यांच्याकडे कोणी गेलंच नाही. सर्वांची अक्षरं वेगळी, मजकूर तोच, आणि कुणाच्याही चिठ्ठीत रागाचा एक शब्द नाही. एखादा रागावला असता तर ट्रेव्हर भांडला असता. शुभेच्छांशी कसं भांडायचं?

नव्यांना टिकवण्यासाठी त्याने प्रश्नावली पाठवली: 'एक ते दहा या मापात तुमचा अनुभव कसा होता?' फीबीने दहा दिले. पुढच्या वर्षी ती येणार नव्हती, तिने तो अनुभव आता घेतलेला होता.

मार्चपर्यंत यादीत दहा नावं उरली. त्यात एक ट्रेव्हर होता आणि एक पॉलीन, जिला हे माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये लंडनला पत्र गेलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हॅगडेलची शर्यत होणार नव्हती. मिसेस थ्रेलफॉल कुंपणाशी आल्या. ट्रेव्हरला वाटलं, आता या पेढे वाटणार.

"मग त्या रविवारी मी तक्रार कशाची करू?" त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

बातमी क्रॅबट्रींनी आणली. विल्फ आणि त्या सगळ्या गेलेल्या पाठी डोंगरापलीकडे, लँकेशरच्या चढणीवर, मार्शल म्हणून उभ्या राहतात, आणि विल्फने तिथे ती परीक्षाही पास केली. हॅगडेलचा माणूस डोंगर ओलांडून लँकेशरमध्ये जातो तो एक तर रस्ता चुकलेला असतो किंवा तिथल्या इस्पितळात नेलेला असतो. आपल्या पायांनी आणि स्वतःचा झाडू घेऊन आजवर कोणी गेलं नव्हतं.

जूनच्या तिसऱ्या रविवारी ट्रेव्हर पहाटे उठला. त्याने माळ्यावरचा नारिंगी डगला काढला, मागच्या सीटवर टाकला आणि डोंगर ओलांडला. वाटेत त्याने माफीची तीन पूर्ण वाक्यं तयार केली. त्यांतलं दुसरं खरोखर चांगलं होतं.

विल्फ एका वळणावर पेटीशी उभा होता. पलीकडे दोन गेलेल्या पाठी गवताची ओली गासडी उचलत होत्या. ट्रेव्हरला बघून त्यांनी ती घाईने खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"विल्फ, मला तुझ्याशी..."

"आलास?" विल्फ म्हणाला. त्याने ट्रेव्हरच्या हातात झाडू दिला. "जरा हे धर. मी आलोच."

आणि तो रस्ता ओलांडून वळणाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. मध्ये रस्ता, आणि दर दीड मिनिटाला एक गाडी. तीन वाक्यं घेऊन ट्रेव्हर चार तास उभा राहिला. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. दुपारच्या सुट्टीत विल्फने किटली चढवली तेव्हा तीनपैकी एकही वाक्य आठवेना.

"ती परीक्षा," ट्रेव्हर म्हणाला. "लगेच पुन्हा देता येत होती. मला माहीत होतं."

विल्फ किटलीकडे बघत होता. "पहिल्याच पानावर लिहिलं होतं. चष्मा होता माझ्या डोळ्यांवर."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

किटली उकळायला लागली. विल्फने दोन कप भरले. मग पेटीतला डबा काढला, ट्रेव्हरकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "आहेस ना?"

ट्रेव्हरने मान हलवली. विल्फने त्याला एक गोळी दिली. अठ्ठावीस वर्षं एका क्लबात काढून ट्रेव्हरला ती कधी मिळाली नव्हती, ती वळणावरून घसरलेल्यांसाठी असायची.

"पुढच्या वर्षी हॅगडेलला..." संध्याकाळी ट्रेव्हर गाडीत बसता बसता म्हणाला.

"इथेही माणसं कमी आहेत रे," विल्फ म्हणाला. "बघू." आणि त्याने खिडकीतून कागदाची एक सुरळी आत सरकवली.

घरी पॉलीनने काही न विचारता सुरळी उलगडली आणि देठ ओट्यावर मांडले.

"तीन," ती म्हणाली.

"मागच्यापेक्षा एक जास्त."

"वर्षाला एक. जुडी कधी व्हायची?"

ट्रेव्हरने हिशेब केला, सवयच होती ती. जुडी बाराची, म्हणजे अजून नऊ. विल्फला परवाच सत्त्याहत्तरावं संपलं. त्याने बेरीज तीनदा केली आणि तिन्ही वेळा शहाऐंशीच आले. ते त्याने पॉलीनला सांगितलं नाही. ओला डगला घेऊन तो उठला, माळ्याची शिडी काढायला म्हणून गेला, आणि मग डगला दारामागच्या खुंटीलाच अडकवून परत आला.